शिट्टीला ‘थांब’ म्हणता येत नाही

श्रावणात मावळात जाणार असाल तर बरोबर काय न्यावं याची माझी यादी ठरलेली आहे: मोज्यांचे जादा जोड, प्लास्टिकच्या पिशव्या, टॉर्च, खडीसाखर आणि शिट्टी. मी सोलापुरात एका शाळेत खेळ शिकवते आणि मुलींच्या सहली नेते, त्या सहलींमधून ही यादी तयार झाली. यंदा परत आल्यावर मी शिट्टी यादीतून काढली नाही, पण तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. ते का टाकलं, तेवढंच सांगायचं आहे. वाटेत जेवणाखाण्याचं आणि रस्त्याचंही येईल, ते तुमच्या उपयोगी पडेल.

आम्ही तिघी होतो. मी, माझी सून रेमी आणि रेमीची आई. रेमी मिझो आहे, ऐजॉलच्याही पुढच्या एका डोंगरी गावातली. माझा मुलगा निनाद आणि ती पुण्यात राहतात. मराठी ती माझ्या स्वयंपाकघरात शिकली, म्हणून शेंगाचटणीचं नाव ती अस्सल सोलापुरी ठसक्यात घेते. उन्हाळ्यात तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण ऑपरेशननंतर एका बाजूचा स्वरतंतू हलेनासा झाला. क्वचित असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा आवाज कुजबुज आणि बोलणं यांच्या मधला झाला आहे. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा, एका पट्टीत. वर चढत नाही, खाली उतरत नाही.

आवाजाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिला एक मराठी उतारा वाचायला दिला. शब्द न् शब्द कळला. “छान प्रगती आहे,” त्या म्हणाल्या. आम्ही पेढे आणले. रेमीने पेढा हातात धरला, खाल्ला नाही. मला वाटलं, गिळायला त्रास होत असेल.

तिच्या आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आई लांब, वय झालेलं, त्यात रक्तदाब. उगीच घाबरायची, म्हणून रेमीने महिनोन्‌महिने फोन टाळला आणि नुसते मेसेज लिहिले. कधी नेटवर्क नाही, कधी मीटिंग. शेवटी आईच विमानात बसली. मी लगेच तीन दिवसांची सहल आखली. निनाद कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून गाडी मीच चालवणार होते.

विमानतळाकडे जाताना रेमी म्हणाली, “आई, तिला माझं बोलणं कळेल का?”

“न कळायला काय झालं? मला कळतं की.”

“तुम्हाला मराठी कळतं.”

मग तिने मला समजावून सांगितलं. तिच्या भाषेत शब्दाचा निम्मा अर्थ सुरात असतो. तीच अक्षरं वरच्या सुरात एक अर्थ देतात, खालच्या सुरात दुसरा. सूर चढवला की तिसरा, उतरवला की चौथा. मराठीत घसा बसला तर आवाज जातो, शब्द जागेवर राहतात. तिचे मात्र शब्दच सपाट झाले होते.

मी सिग्नलला उभी होते. हिरवा लागला तरी मला गाडी काढायचं सुचलं नाही. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

सोमाटणे

विमानतळातून रेमीची आई बाहेर आली. पी थांगी ठेंगण्या, ताठ आणि चपळ. ‘पी’ म्हणजे आपण नावापुढे आदराने ‘बाई’ लावतो तसं. कमरेला विणलेलं वस्त्र, पायात बूट, हातात पिशवी. त्यांनी रेमीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. रेमी काहीतरी एवढंसं बोलली. त्या हसल्या आणि तिच्या घशाला बोट लावलं. सर्दी, असं त्यांना वाटलं. गळ्यातल्या जाड माळेखालचा व्रण त्यांना दिसला नाही. ती माळ रेमीने मुद्दाम घातली होती.

सोमाटण्याला चहाला थांबलो. मावळात शिरताना मी नेहमी इथे थांबते, इथून पुढे हवा बदलते. रेमीने आईला एक लांबलचक वाक्य सांगितलं. पी थांगींनी मान पुढे केली. रेमीने पुन्हा सांगितलं, हळू. मग तिसऱ्यांदा, तुकडे पाडून. पी थांगींनी ‘हो’ अशी मान हलवली. ती खोटी होती. आपल्याला काही कळलं नाही, हे लपवायला माणूस जशी हलवतो तशी.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पालकसभेत एखादी आई असं पाहते: माझी मुलगी तुमच्याकडे सोपवली होती, तिचं काय केलंत? मी बिस्किटाचा पुडा पुढे केला.

लोणावळ्याचा बाजार

कार्ल्यापर्यंत दोन्ही बाजूंना भातखाचरं. ती पाहून पी थांगी पहिल्यांदा मोकळ्या झाल्या. काचेला नाक लावून बघत होत्या. त्यांच्याकडे शेती उतारावर, इथे सपाट पाण्यात. त्या बोटाने दाखवायच्या, विचारायच्या. रेमी उत्तर द्यायची. एकेक शब्दाचं उत्तर पोचायचं, त्याहून लांब झालं की वाटेतच हरवायचं.

लोणावळ्यात पाऊस भुरभुरत होता. मी चिक्की नेहमी एकाच दुकानातून घेते. दुकानदार वयस्कर, त्यांना सगळे सलीमभाई म्हणतात, आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारल्याशिवाय ते वजन करत नाहीत.

रेमीने सांगितलं, “शेंगदाण्याची द्या, गुळातली. तिळाची वेगळी बांधा, प्रवासात मोडते.”

“घसा धरलाय का ताई? ज्येष्ठमध ठेवा दाढेत,” सलीमभाई म्हणाले. “आणि मराठी काय झकास बोलता! गाव कुठलं?”

“सोलापूर.”

“सोलापूर? ह्या नाकाडोळ्याचं सोलापूर मी नाही पाहिलं बुवा!”

“अजून बघितलं कुठंय तुम्ही सोलापूर,” रेमी म्हणाली. दुकानातली सगळी माणसं हसली, सलीमभाई सगळ्यांत मोठ्याने. त्या फुसफुशा आवाजातला एकही शब्द त्यांनी सोडला नव्हता.

पी थांगी मागे उभ्या होत्या, छत्री मिटून हातात धरलेली. त्या हसल्या नाहीत. आधी सलीमभाईंकडे, मग मुलीकडे पाहत राहिल्या. बाहेर पडल्यावर त्यांनी रेमीला एकच गोष्ट विचारली. रेमी उत्तर न देता गाडीकडे चालायला लागली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाली, या परक्या माणसाला तुझं सगळं कळतं. मला कळत नाही. तू आपली भाषा विसरलीस का?”

मी सीटबेल्ट लावला. गाडी सुरू केली.

पवनेच्या वर

आमचा मुक्काम पवना धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावरच्या एका वाडीत होता. घर हौसामावशींचं. खाली भात, वर गवताचं पठार. मावशी पाहुण्यांना दोन खोल्या देतात आणि चुलीवरचं जेवू घालतात. जाणार असाल तर अंधार पडायच्या आत पोचा, शेवटची चढण कच्ची आहे.

“लय लांबनं आल्या म्हनं पाव्हण्या,” मावशी म्हणाल्या. “बसा, पाय धुवा. काय खात्यात त्या?”

पी थांगी सगळं खात होत्या. इंद्रायणीचा चिकट भात त्यांना इतका आवडला की त्यांनी तो बोटांत दाबून पाहिला. त्यांच्याकडे रात्रीचं जेवण आपल्या चहाच्या वेळेलाच होतं. हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या बिचाऱ्या केव्हाच्या भुकेल्या होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी परसातला पाला खुडला आणि सकाळसाठी म्हणून नुसत्या पाण्यात उकळत ठेवला.

मावशींनी पातेल्यात डोकावलं. “फोडनी न्हाई?”

“नाही,” रेमी म्हणाली.

“त्याल? लसून?”

“काही नाही.”

“आगं मंग ही भाजी हाय का वाफारा?”

रेमी हसली. हसताना तिच्या गळ्यातून नुसती हवा आली. पी थांगींनी मान वर केली. हसण्याला तर भाषा लागत नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि त्यांनी हात पुढे करून मुलीच्या गळ्यातली माळ बाजूला केली.

मग रेमीने फोन काढला. चुलीजवळ बसून तिने बराच वेळ लिहिलं आणि फोन आईच्या हातात दिला. पी थांगींनी चष्मा लावला. त्यांची भाषा इंग्रजी अक्षरांत लिहितात, सूर बहुतेक लिहीत नाहीतच. वाचणारा तो मागच्यापुढच्या शब्दांवरून मनात भरून घेतो. त्या कुठेही न अडखळता वाचत गेल्या. शेवटी त्यांनी व्रणावरून अंगठा फिरवला. मग त्या उठल्या. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मी त्यांच्या पिशवीतल्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवल्या. करण्यासारखं तेवढंच दिसलं.

पठार

सकाळी त्यांचं अंथरूण रिकामं होतं.

मावशी गोठ्यात होत्या. “मगाशीच गेल्या की वर, माजी टोपली घिऊन. म्या म्हनलं, भाजीला निगाल्या आसतील.”

बाहेर धुकं होतं. तुम्ही सोलापूरकडचे असाल तर सांगून कळणार नाही. आमच्याकडे नजर अडवायला काही नसतं, इथे स्वतःचे बूट दिसत नव्हते. मी सॅक उचलली आणि आम्ही दोघी पायवाटेला लागलो. रेमी लवकर दमते. बोलताना हवा वाया जाते तशी चढतानाही जाते. तरी ती माझ्या पुढे होती.

पठाराच्या कडेला आलो. पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता, नेमका कुठून ते समजत नव्हतं. मी हाक मारली. काही नाही. मग शिट्टी काढली आणि लांब फुंकली.

पलीकडून आवाज आला. बारीक, वर जाणारा. पी थांगींचाच. रेमीने माझा दंड घट्ट धरला. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा फुंकली, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी उत्तर जवळून येत होतं. सहलीत मुलींना मी हेच शिकवते: हरवलात तर शिट्टीच्या दिशेने या.

मागून कोणीतरी धापा टाकत आलं. हौसामावशी होत्या. “आवं बाई! ती शिट्टी बंद करा आदी! मदी घळ हाय!”

“कुठे?”

“ही काय, तुमच्या म्होरंच! ती नीट तुमच्या आवाजावर येतीया. गवतानं काट दिसत न्हाई तिकडनं!”

तेवढ्यात वारा आला आणि धुकं फाटलं. आमच्या पायापासून थोड्याच अंतरावर जमीन संपली होती. खाली ओढा पांढरा होऊन कोसळत होता. समोरच्या उतारावर कमरेइतक्या गवतातून पी थांगी येत होत्या, टोपली त्यांच्याकडच्या रीतीने कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने पाठीवर अडकवलेली. सरळ आमच्याकडे. त्यांच्या बाजूचं गवत काठावरून पुढे झुकलं होतं, त्यामुळे त्यांना ते सलग रान वाटत असणार.

मी ओरडले. थांबा. स्टॉप. रुको. माझा आवाज मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. पण पाण्यात शब्द धुऊन निघत होते. त्यांनी हात हलवला. मी बोलावते आहे असं समजून त्या भरभर यायला लागल्या.

रेमीने तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, पोट आत ओढलं गेलं, आणि हवा बाहेर आली. नुसती हवा. मी शेजारी उभी असून मला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

मग तिने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. कानाशी दोन छोटे शब्द कुजबुजली आणि हात वर केला. पहिल्या शब्दाला हात चढला, दुसऱ्याला पडला. ते शब्द इथे लिहीत नाही. देवनागरीत लिहिले तर निम्मेच लिहिले जातील.

मी ओरडले. पी थांगींनी डोकं एका बाजूला कलतं केलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

रेमीने जोरात मान हलवली. नाही, नाही. हात पुन्हा वर. या वेळी तो वर थांबला, मग कुऱ्हाड पडावी तसा पडला. शब्दांआधी तिने आणखी एक हाक जोडली: ‘नू’. नू म्हणजे आई. मी तिच्या हातावर नजर ठेवली आणि हात जसा जाईल तसा घसा नेला. शब्द काय आहेत याचा विचारच केला नाही. फक्त हात.

पी थांगी जागच्या जागी थांबल्या. एक पाय उचललेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

रेमीचा हात हलतच राहिला. एक वाक्य, मी ओरडले. त्या खाली बसल्या. आणखी एक वाक्य. त्यांनी टोपलीतली काठी काढून पुढच्या गवतात टोचली. काठी आरपार खाली गेली. त्या काठीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात जमिनीत रोवले आणि बसल्याबसल्या मागे सरकायला लागल्या.

“त्यांना तितंच बसवून ठिवा,” मावशी म्हणाल्या, “म्या वरच्या उतारानं जाती,” आणि धुक्यात शिरल्या.

मावशी पोचेपर्यंत आम्ही थांबलो नाही. रेमी कानात सांगायची, हात दाखवायची, मी ओरडायचे. मी काय ओरडत होते, आजही मला ठाऊक नाही. शेवटी मी गुडघ्यांवर बसून ओरडत होते. सूर पाण्यावरून कसा जातो ते रेमीने मला नंतर सांगितलं: कडक अक्षरं पाण्याच्या आवाजात बुडतात, चढउतार तेवढा पलीकडे पोचतो. पलीकडे पोचायला जे लागतं तेच तिच्या गळ्यातून गेलं होतं, आणि माझ्याकडे ते होतं पण वापरायचं कसं ते माहीत नव्हतं.

चुलीजवळ

मावशींनी पी थांगींना आणलं तेव्हा त्या चिखलाने माखल्या होत्या, पण टोपलीतले बांबूचे कोंब शाबूत होते. रेमीने त्यांना मिठी मारली. बऱ्याच वेळाने त्या माझ्यासमोर आल्या आणि माझ्या गालावर हलकी चापट मारून काहीतरी म्हणाल्या.

“म्हणते, तुमचा उच्चार बकरीसारखा आहे,” रेमीने सांगितलं. तिचे डोळे वाहत होते. “पहिल्यांदा तिला वाटलं, खरंच बकरी अडकली आहे. मग ‘नू’ ऐकलं. इथे तिला नू म्हणणारं दुसरं कोण आहे?”

“मग खरंय त्ये,” मावशी म्हणाल्या. “म्या बी हिकडनं ऐकत हुते. शेळीच.”

बांबूच्या कोंबांना इकडे मावळात वास्ते म्हणतात. त्यांची भाजी दोन तऱ्हेने झाली, एक उकडून आणि एक फोडणी देऊन, आणि प्रत्येकीने दुसरीची नावाला चाखली.

जेवण झाल्यावर पी थांगींनी रेमीचा उजवा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला. त्यांच्या गावात चर्चमधलं गाणं सगळी मुलं शिकतात. शिकवणारा हाताने सूर वरखाली दाखवतो, आणि हात पाहून सगळं गाव गातं. रेमी त्यात गायची. मला पठारावर ती जे दाखवत होती ते तिथलंच. आता आईला तेच हवं होतं. बोल, हाताने बोल.

रेमी बोलायला लागली. ओठ, हवा आणि हात. पी थांगी तिच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हत्या, हाताकडे पाहत होत्या. काही वाक्यं चुकायची, मग त्या हात धरून थांबवायच्या. दोन वाक्यांना आंघोळीएवढा वेळ लागला. मध्येच त्यांनी काही विचारलं आणि रेमी माझ्याकडे वळली.

“पुढचं ऑपरेशन,” तिने मला सांगितलं. “तंतू मध्ये सरकवतात ते. त्याने आवाज जाड होईल, पण सूर येईल का, असं विचारते आहे.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“सांगता येत नाही म्हणाले.”

तिने ते आईला हाताने सांगितलं. पी थांगींनी तो हात गुडघ्यावरच दाबून धरला, उठेपर्यंत सोडला नाही.

पुण्यात परतल्यावर मी पहिलं काम केलं ते व्यायामवाल्या बाईंची वेळ घेण्याचं. पुढची चाचणी मिझोत घ्या, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला मिझो येत नाही. मी म्हटलं, परीक्षक आम्ही आणतो. पी थांगी त्यांच्यासमोर, रेमीकडे पाठ करून बसल्या, रेमीने वाचलं, आणि किती कळलं ते त्या बोटांवर सांगत गेल्या. बोटं थोडीच वर झाली. बाईंनी ते लिहून घेतलं. या वेळी कोणी पेढे आणले नाहीत. पण खरं काय ते आता कागदावर होतं.

निरोप

विमानतळावर आपल्याला आत सोडत नाहीत. आम्ही काचेबाहेर उभ्या होतो. पी थांगी चिक्कीची पिशवी आणि इंद्रायणीचे तांदूळ घेऊन आत चालल्या होत्या, दर थोड्या पावलांनी मागे वळून पाहत. मग त्या चुकीच्या बाजूला वळल्या, जिकडे दुसऱ्याच विमानाची रांग होती. मी काचेला तोंड लावलं, छातीत हवा भरली.

रेमीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आई, तुम्ही नको. मी बोलते.”

पी थांगींनी पुन्हा मागे पाहिलं. रेमीने हात वर नेला, क्षणभर धरला आणि खाली सोडला. काचेतून काहीच ऐकू जात नव्हतं, माझंही गेलं नसतं.

त्या थांबल्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, एक हात मोकळा केला आणि उत्तर दिलं.